सभ्य माणसाची बंदूक आणि आजीची चावी

गेल्या आठवड्यात आमच्या कुटुंबाच्या ग्रुपवर थोरल्या चुलतभावाने एक लांबलचक मेसेज टाकला. तोच पुढे भिशीच्या आणि सोसायटीच्या ग्रुपवरही येऊन आदळला. त्याचं सार असं: बंदुकीच्या परवान्याचे नियम म्हणजे सभ्य माणसाचे हात बांधणं. शस्त्रबंदीच्या कायद्याला खुद्द गांधीजींनी दूषण दिलं होतं. स्वित्झर्लंडमध्ये घरोघरी रायफल, तरी सगळं शांत. गुन्हे कट्ट्याने, म्हणजे बेकायदा गावठी पिस्तुलाने होतात, लायसनच्या बंदुकीने नाही. आणि घरात बंदूक असली की घर सुरक्षित. खाली दादाने लिहिलं होतं, "विचार करा." केला, दादा.

गांधीजींचं ते म्हणणं खरं आहे, पण कधीचं ते मेसेजमध्ये नाही. १९१८ साली खेडा जिल्ह्यात ते सैन्यभरतीसाठी गावोगाव फिरत होते, त्या वेळच्या पत्रकातलं ते आहे. राग होता १८७८ च्या कायद्यावर, ज्यात गोऱ्यांना सूट आणि आपल्याला बंदी होती. आजच्या, १९५९ च्या शस्त्र कायद्यात असा भेद नाही. पुरेशी मालमत्ता नाही एवढ्याच कारणावरून परवाना नाकारता येणार नाही, असंही त्यात लिहिलंय. (शिवाय १८७८ चा कायदा ब्रिटिश मुलखाचा. आपले पणजोबा ग्वाल्हेर संस्थानात शिंद्यांची प्रजा, तेव्हा निदान हे दुःख तरी आपलं वडिलोपार्जित नाही.)

स्वित्झर्लंडमधली रायफल लष्करी सेवेतल्या माणसाची असते, प्रशिक्षणानंतर हाती आलेली. तिच्यासोबत घरी ठेवायला मिळणारी काडतुसं २००७ पासून बंद झाली. "सगळं शांत" म्हणावं, तर २००१ मध्ये त्सुग शहरात एका माणसाने प्रांतिक विधानसभेत शिरून १४ जणांना मारलं. २०१९ मध्ये कडक नियमांवर सार्वमत झालं, तेव्हा जवळजवळ ६४ टक्के लोकांनी होकार दिला. बंदूक कशी असते हे ठाऊक असलेल्या लोकांचा हा कौल.

आता कट्टा. इथे दादाचं निम्मं बरोबर आहे. देशात गोळीने होणाऱ्या खुनांत बेकायदा हत्यारंच जास्त असतात, आणि ती बनवणाऱ्या-विकणाऱ्यांवर पोलिसांनी आणखी जोर लावावा हे मलाही मान्य. पण त्यावरून लायसनची बंदूक निर्धोक ठरत नाही. ग्वाल्हेरच्या लग्नसराईत एक चक्कर मार. बारातीत हवेत बार उडवणारा माणूस बहुतेक वेळा कोणी गुंड नसतो, नवरदेवाचा मामा नाहीतर फुफा असतो, आणि खांद्यावर रीतसर परवान्याची बारा बोरची बंदूक. आमच्या मागच्या गल्लीत असेच छर्रे कनातीतून आरपार गेले. पलीकडे आचारी पुऱ्या तळत होता, थोडक्यात वाचला. म्हणून शस्त्र कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीत अशा हर्ष-फायरला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आली. त्याच दुरुस्तीने परवान्याची मुदत तीन वर्षांवरून पाच केली, हे मात्र मेसेजवाल्याने सांगितलं नाही.

आपल्या ग्वाल्हेर-चंबळ भागात बंदूक कशासाठी हवी असते, हे आपण एकमेकांना तरी खरं सांगू या. डाकूंचं कारण कधीच संपलं. १९७२ मध्ये जौऱ्याला जयप्रकाशजींपुढे मोठमोठ्या टोळ्यांनी हत्यारं ठेवली, १९८३ मध्ये फूलनदेवीने भिंडला. पण हौस शिल्लक राहिली. २००८ मध्ये शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यात नसबंदी करून घेणाऱ्याला लायसन लवकर देऊ, असं प्रशासनाने सांगितलं, आणि पुरुष खरंच पुढे आले! २०१९ मध्ये आपल्याच ग्वाल्हेरच्या कलेक्टरांनी अट घातली: आधी दहा झाडं लावा, त्यांच्याबरोबर सेल्फी आणा, मग अर्ज. जिवाच्या भीतीने अर्ज करणाऱ्यांची रांग असती, तर असली गंमत करायची कोणाची हिंमत झाली असती?

घराच्या सुरक्षेचं म्हणशील, तर अमेरिकेकडे बघ. तिथे २०२१ मध्ये बंदुकीने सुमारे ४८,८०० माणसं गेली, त्यातल्या २६ हजारांहून अधिक आत्महत्या होत्या. म्हणजे निम्म्याहून जास्त वेळा नळी बंदूकवाल्या घरातल्याच कोणाकडे वळली. वाईट रात्र कोणाच्या घरात येत नाही? ती टळली की माणूस पुष्कळदा सावरतो. हाताशी भरलेली बंदूक असेल तर टळायला वेळच मिळत नाही. आपल्याकडे २०१६ च्या शस्त्र नियमांत प्रशिक्षण आलं, वैद्यकीय दाखला आला, हत्यार कुलपात सुरक्षित ठेवण्याची हमी आली, ती यासाठी. चोरासाठी नव्हे.

आणि हे आपल्या घराला नवीन आहे का? आजोबांची दुनळी आठव. ती सागवानी कपाटात, काडतुसं आजीच्या ट्रंकेत, आणि ट्रंकेची चावी देवघरात. आजोबा संतापी, हे सगळ्या दौलतगंजाला माहीत. एकदा भाऊबंदकीच्या भांडणात ते तणतणत कपाटापर्यंत गेले होते. आजीने चावी दिली नाही, "आधी जेवून घ्या" म्हणाली. जेवले, आणि झोपले. आजीला नियम कोणी शिकवले नव्हते.

आजोबा गेल्यावर ती दुनळी आपल्या नावावर करून घ्यायची की डीलरकडे जमा करायची, यावर घरात बैठक झाली होती. सगळ्यांत आधी "जमा करून टाका" कोण म्हणालं होतं, दादा? "प्रत्येक वेळी रिन्यू करायला कलेक्टोरेटच्या रांगेत कोण उभं राहणार?" हे तुझंच वाक्य.