चाळिशीनंतर मेंदू शिकत नाही, हे साफ खोटं आहे

'मुलं मेंदू शंभर टक्के वापरतात, मोठी माणसं दहा टक्के. पाचव्या वर्षी ९८ टक्के मुलं जीनियस असतात, असं नासा सांगते. चाळिशीनंतर मेंदूत नवं काही शिरत नाही. नवी भाषा, नवं वाद्य यांचा नाद सोडा, नातवंडांना शिकू द्या.' हा मेसेज नागपुरातल्या घराघरांच्या ग्रुपवर फिरतोय. खाली हात जोडलेले.

मनीषनगरच्या माझ्या आत्याने तो वाचला आणि तेलुगू शिकणं थांबवलं. सून करीमनगरची. विहीणबाईंशी फोनवर चार शब्द बोलता यावेत म्हणून बासष्टाव्या वर्षी ती अक्षरं गिरवत होती. "मी तं शिकून राहिली होती रे, पण डॉक्टर लोकंच नाही म्हणतात तं कायले डोकं खपवू?" मेसेजखाली कुणा डॉक्टरचं नाव आहे, एवढाच त्याचा आधार.

म्हणून आधी भाषेचंच बोलू. नेदरलँड्समध्ये राहायला आलेली इंग्रजी भाषक माणसं डच कशी शिकतात, हे कॅथरीन स्नो आणि त्यांच्या सहकारी संशोधिकेने वर्षभर तपासलं. १९७८ साली निष्कर्ष छापून आले. पहिल्या काही महिन्यांत सर्वांत वेगाने पुढे गेले ते १२ ते १५ वर्षांचे आणि प्रौढ. वर्षाअखेरीस ८ ते १५ वयाची मुलं सरस ठरली. आणि ३ ते ५ वर्षांची? प्रत्येक चाचणीत सगळ्यांत मागे. ज्या वयाचं मेसेजमध्ये एवढं कौतुक आहे, तेच वय.

उच्चाराचं मान्य करावं लागेल. लहानपणी शिकलेल्या भाषेचा हेल मोठेपणी सहसा तसाच्या तसा येत नाही. पण विहीणबाईंना "जेवलात का?" विचारायला हेल कशाला लागतो? तेलुगूतही क्रियापद मराठीसारखंच वाक्याच्या शेवटी येतं, संस्कृतातून आलेले कितीतरी शब्द दोन्हींकडे आहेत. आत्याच्या हाताशी हे सगळं आयतं आहे. नातवाला मिळतं ते वेगळंच. तो चुकला की आई हसून बरोबर शब्द सांगते, तो पुन्हा बोलतो. आत्या चुकली की सगळी बैठक हसते. ती गप्प बसली यात तिच्या मेंदूचा काय दोष?

मोठेपणी मेंदू बदलत नाही म्हणे. लंडनमध्ये टॅक्सीच्या परवान्यासाठी शहरातले हजारो रस्ते पाठ करावे लागतात. २०११ च्या अभ्यासात ७९ उमेदवारांपैकी ३९ उत्तीर्ण झाले आणि फक्त त्यांच्याच मेंदूत, स्मृतीशी निगडित हिप्पोकॅम्पसच्या मागच्या भागात, वाढ दिसली. सगळी मोठी माणसं.

दहा टक्क्यांची गोष्ट निव्वळ थाप. मेंदूचा कुठलाही भाग असा रिकामा पडून नसतो. ९८ टक्क्यांचा आकडा जॉर्ज लँड या अमेरिकी लेखक-वक्त्याने सांगितलेला, नासाने नव्हे.

आणखी एका बाबतीत मात्र मुलं खरंच पुढे आहेत. २०१४ च्या एका प्रयोगात ठोकळे ठेवले की उजळणारं यंत्र होतं. दोन ठोकळे मिळूनच ते चालतं, ही शक्यता चार-पाच वर्षांच्या मुलांनी मोठ्यांपेक्षा सहज स्वीकारली. मोठे 'एकाच ठोकळ्यात काहीतरी असणार' या अनुभवाला धरून बसले. रमण विज्ञान केंद्रात हेच दिसतं: पोरं प्रत्येक बटण दाबून पाहतात, आईबाप पाटी वाचतात, नाहीतर पर्स धरून उभे. बटण दाबायला वयाची अट तिथे कुणीही घातलेली नाही.

हा मेसेज तुमच्या ग्रुपवर आला तर पुढे पाठवू नका, आणि ज्याने पाठवला त्याला तिथेच, सगळ्यांसमोर, डच भाषेचा तो अभ्यास सांगा. आत्याच्या ग्रुपवर मी आज सकाळी सांगितलाय.