कालवं, पिकपूल आणि आपला सुपरमार्केटचा वाद

रविवारी बुझीगला गेलो होतो. दक्षिण फ्रान्समध्ये सेत शहराच्या मागे 'तो' नावाचं खाऱ्या पाण्याचं सरोवर आहे, त्याच्या काठावरचं हे गाव. इथे भरती-ओहोटी जवळजवळ नाहीच, त्यामुळे कालवांची (ऑयस्टरची) पिल्लं सिमेंटच्या ठिपक्याने एकेक करून दोरीला चिकटवतात आणि दोऱ्या पाण्यात सोडतात. पत्र्याच्या शेडमध्ये बाई तुमच्यासमोर कालवं फोडते. सोबत लिंबू, पाव, लोणी आणि हिरव्या उंच बाटलीतली थंडगार पिकपूल द पिने ही पांढरी वाइन.

पिकपूल हे द्राक्षाचं नाव. ते उशिरा पिकतं आणि दक्षिणेच्या उन्हातही आंबटपणा सोडत नाही. पिने, मेझ, पोमेरोल अशा सहाच गावांच्या शिवारात ही वाइन होते. तिला स्वतःचा भौगोलिक दर्जा 2013 मध्ये मिळाला. कालवाच्या खारट पाण्यावर तिचा घोट घेतला, की लिंबू पिळायची गरजच वाटत नाही. शिंपल्यांबरोबर, तळलेल्या बारीक मासळीबरोबर आणि सेतच्या तिएलबरोबर, म्हणजे ऑक्टोपस-टोमॅटोचं सारण भरलेल्या गोल पावाबरोबरही ती तशीच जमते. आपल्याकडे तळलेल्या बांगड्यावर सोलकढी जे काम करते, तेच. घरी मी तिसऱ्यांचं सुकं तिच्याबरोबर खाऊन पाहिलं. ओलं खोबरं आणि कोकम छान जमलं, पण मिरची जरा चढली की वाइन नुसती जळजळते.

इथे बसलं की मला 2022 चा आपला वाद हमखास आठवतो. जानेवारीत महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने हजार चौरस फुटांवरच्या सुपरमार्केटात वाइन विकायला परवानगी द्यायचं ठरवलं. एका बाजूने 'शेतकऱ्याचं भलं होईल, वाइन म्हणजे दारू नव्हे' असं सांगितलं गेलं. दुसऱ्या बाजूने 'मद्यराष्ट्र' म्हणून टीका झाली, अण्णा हजारेंनी उपोषणाचा इशारा दिला. सरकारने हरकती-सूचना मागवल्या.

वाइन म्हणजे दारूच. पिकपूलमध्येही साधारण साडेबारा-तेरा टक्के अल्कोहोल असतं, आणि ही गोष्ट इथे फ्रान्समध्ये कुणी लपवत नाही. इथल्या सुपरमार्केटात वाइनची भिंतच असते, पण 1991 च्या एव्हां कायद्याने टीव्हीवर आणि सिनेमागृहात दारूची जाहिरात बंद आहे, खेळांचं प्रायोजकत्वही बंद. अठरा वर्षांखालच्यांना विक्री नाही. बाटलीवर गरोदर बाईचं फुली मारलेलं चित्र असतं. 1956 पर्यंत याच देशात लहान मुलांना शाळेच्या जेवणात वाइन मिळत असे! आज दरडोई वाइनचा खप 1960 च्या निम्म्याहूनही कमी आहे.

रत्नागिरीची माझी आत्या म्हणते, "गावोगावी बायांनी आडवी बाटली केली, ती दुकानाच्या फळीवर उभी करायला नव्हे." तिचं मला पटतं. नवऱ्याची मजुरी गुत्त्यात जाताना तिने शेजारच्या घरी पाहिलंय, मी फक्त पिकनिकला वाइन पाहतो. पण नाशिकच्या द्राक्ष बागायतदाराला सरसकट गुन्हेगार ठरवणंही मला मान्य नाही.

म्हणून सुपरमार्केटच्या परवान्याआधी सोडा आणि म्युझिक सीडीच्या नावाखाली चालणाऱ्या दारूच्या छुप्या जाहिराती बंद करा. वयाची अट काउंटरवर खरोखर पाळली जातेय का, ते तपासा. आणि नाशिकची वाइन आधी जिथे जेवण आहे तिथे, बागेतल्या ताटासोबत, मिळू द्या. एवढं झालं, तर परवान्याच्या बाजूने आत्याशी बोलायची माझी तयारी आहे.