‘मिलिटरी ग्रेड’ लॅपटॉप आणि तुटलेली पिन : एका फिरत्या मजकुराचा प्रतिवाद

शाळा सुरू होण्याच्या आणि दिवाळीच्या सुट्टीच्या सुमारास पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक मजकूर हमखास फिरतो. थोडक्यात तो असा आहे : “मुलांसाठी आणि प्रवासासाठी ११ इंची मिलिटरी ग्रेड लॅपटॉप १५-२० हजारांत मिळतो. पडला तरी फुटत नाही, पाणी सांडले तरी चालतो. वजनाला वहीसारखा. ४ जीबी रॅम मुलांना भरपूर, पुढे वाढवता येते. अँड्रॉइडचा घेतला तरी काम तेच. मोबाइलच्या चार्जरवर चालतो, त्यामुळे प्रवासात काळजी नाही. जुना वापरलेला लॅपटॉप मात्र चुकूनही घेऊ नका.”

हा मजकूर साफ खोटा असता तर त्याला उत्तर देण्याची गरज पडली नसती. लहान हातांना लहान कीबोर्ड सोयीचा पडतो, फिरत्या चकतीची हार्ड डिस्क नसल्याने धक्क्याने माहिती जाण्याची भीती कमी होते आणि पंखा नसलेल्या यंत्रात धूळ ओढली जात नाही, एवढे अशा छोट्या यंत्रांबाबत खरे आहे. पण मजबुती म्हणजे काय, याचे उत्तर हा मजकूर खोक्यावरच्या शिक्क्यात शोधतो आणि माझा मुख्य आक्षेप त्यालाच आहे. मुलाच्या हातातले यंत्र आज ना उद्या मोडणारच असते. ते कुठे मोडते आणि मोडलेला भाग जवळच्या बाजारात परवडेल अशा पैशांत बदलून मिळतो की नाही, हे मी आधी पाहीन.

आता एकेक विधान घेऊ. ‘मिलिटरी ग्रेड’ हे बिरुद ज्यावरून आले ते मिल-एसटीडी-८१० हे अमेरिकी संरक्षण खात्याचे चाचणीपद्धतींचे मानक आहे. ते १९६२ मध्ये प्रथम निघाले आणि त्याची ‘एच’ ही आवृत्ती २०१९ मध्ये आली. उष्णता, थंडी, दमट हवा, धूळ, कंप, आपटणे अशा अनेक प्रकारांच्या चाचण्या कशा घ्याव्यात, हे त्यात सांगितलेले आहे; पण त्यांतल्या कोणत्या घ्यायच्या आणि किती कडक घ्यायच्या, हे बाजारातल्या लॅपटॉपच्या बाबतीत उत्पादकच ठरवतो, चाचणी तो स्वतः करतो किंवा खासगी प्रयोगशाळेकडून करून घेतो, आणि ती झाल्यावर अमेरिकेचे सैन्य त्याला कसलेही प्रमाणपत्र देत नाही. म्हणजे दमट हवेची एक चाचणी घेऊन आपटण्याची चाचणी वगळलेली असली, तरी खोक्यावर ‘८१०’ हा आकडा छापायला कोणाची हरकत नसते.

आपटण्याच्या चाचणीचे उदाहरण तर बारकाईने पाहण्यासारखे आहे. जाहिरातींत जिचा हवाला दिला जातो त्या चाचणीत वस्तू १२२ सेंटिमीटरवरून २६ वेळा खाली सोडतात : ६ पृष्ठभाग, १२ कडा आणि ८ कोपरे. हे ऐकून आपण असे समजतो की एकच लॅपटॉप २६ वेळा आपटला आणि तरीही चालू राहिला. प्रत्यक्षात हे २६ आघात पाच नमुन्यांपर्यंत वाटून घेण्याची मुभा मानकातच दिलेली आहे. शिवाय ही चाचणी मुळात ने-आण करतानाच्या आदळआपटीसाठी कल्पिलेली आहे, आणि ‘एच’च्या आधीच्या ‘जी’ आवृत्तीतल्या पद्धतीत खाली काँक्रीटवर जाड प्लायवूडची फळी असे. आपल्याकडे घरात शहाबादी फरशी नाहीतर टाइल्स असतात आणि मुलाच्या हातून लॅपटॉप पडतो तो बहुधा उघडा, चालू आणि वायरीसकट.

या वायरीनेच मला या विषयात ओढले. दोन वर्षांपूर्वी माझ्या भाचीसाठी मी असाच रबरी कडांचा, ‘८१०’ छापलेला छोटा लॅपटॉप घेतला होता. तो दोनदा पलंगावरून खाली पडला आणि खरोखरच त्याला काही झाले नाही, हे कबूल केले पाहिजे. तिसऱ्या वेळी तो पडलाही नाही. चार्जिंगला लावलेला असताना तिच्या धाकट्या भावाचा पाय वायरीत अडकला, वायर तिरकी ओढली गेली आणि चार्जरची पिन ज्या भोकात जाते तो जॅक आत ढिला झाला. त्यानंतर पिन एका ठरावीक कोनात धरली तरच दिवा लागायचा. मुलीने तिला खाली खोडरबराचा टेकू देऊन आठवडाभर चालवले. अधिकृत दुरुस्ती केंद्रात सांगितले की जॅक मदरबोर्डवर, म्हणजे यंत्राच्या मुख्य पाटीवर, सोल्डर (डाग देऊन पक्का) केलेला असल्याने अख्खा बोर्ड बदलावा लागेल, आणि त्याचा खर्च लॅपटॉपच्या किमतीच्या निम्म्याहून अधिक आला. पुढे मुंबईतल्या लॅमिंग्टन रोडवरच्या एका कारागिराने मागचे झाकण उघडून भिंगाखाली मला तो जॅक दाखवला. त्याचे चारपैकी दोन पाय बोर्डाच्या तांब्याच्या पट्टीसकट उखडले होते. रबरी कडा, जाड झाकण, घट्ट बसवलेली बटणे हे सगळे शाबूत होते आणि यंत्र मात्र निकामी झाले होते.

मजबूत आणि स्वस्त या दोन्ही गोष्टी मनापासून एकत्र आणण्याचा प्रयत्न पूर्वी झालेला आहे आणि तो या मजकुराशी ताडून पाहावा. अमेरिकेतल्या एमआयटी या तंत्रविद्यापीठातील निकोलस निग्रोपाँटे यांनी २००५ मध्ये शंभर डॉलरच्या लॅपटॉपची कल्पना जगापुढे मांडली; ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ या संस्थेचा एक्सओ-१ हा लॅपटॉप २००७ च्या अखेरीस कारखान्यातून बाहेर पडू लागला तेव्हा त्याची किंमत शंभरावर न राहता दोनशे डॉलरच्या जवळ गेली होती. भारतातला त्याचा पहिला प्रयोग त्याच वर्षी आपल्या रायगड जिल्ह्यातल्या एका लहानशा खेड्यातील शाळेत झाला. त्या योजनेच्या यशापयशाबद्दल पुष्कळ वाद आहेत आणि ते इथे उकरण्याचे कारण नाही, पण यंत्राची रचना मात्र आजच्या यंत्रांना लाज वाटावी इतकी चांगली होती. बाजारातल्या लॅपटॉपचे प्लॅस्टिक साधारण १.३ मिलिमीटर जाडीचे असे, तिथे याचे २ मिलिमीटर होते. कीबोर्ड अखंड रबराचा आणि बंदिस्त होता, वायफायचे अँटेना कानांसारखे मिटले की त्यांच्याखालची यूएसबीची भोके झाकली जात, आणि पडदा भर उन्हात कृष्णधवल होऊन वाचता येत असे. मला सर्वांत आवडलेली गोष्ट वेगळीच आहे : उचलण्याच्या मुठीच्या आत जास्तीचे स्क्रू ठेवलेले असत. यंत्र उघडले जाणार, एखादा स्क्रू हरवणार आणि ते पुन्हा बंद करावे लागणार, हे त्याच्या रचनाकारांनी गृहीत धरले होते. आजच्या स्वस्त ‘मिलिटरी ग्रेड’ लॅपटॉपचे झाकण अनेकदा खाचांवर आणि गोंदावर बसवलेले असते.

‘पाणी सांडले तरी चालतो’ याबद्दल थोडक्यात सांगते. सांडलेल्या पाण्यापासून संरक्षित कीबोर्ड म्हणजे साधारण पेलाभर साधे पाणी काही काळ आत न झिरपू देणारा कीबोर्ड. यंत्र ताबडतोब बंद करून पालथे घालणे त्यात अध्याहृत असते. साखरेचा चहा आणि उसाचा रस यांची गोष्ट वेगळी आहे, कारण पाणी वाळते आणि साखर बटणाखाली राहते. मग मुंग्या येतात.

वजनाच्या बाबतीत ‘वहीसारखा’ हा शब्द फसवा आहे. याच वर्गातले काही लॅपटॉप खरोखर हलके असतात. २०२३ मध्ये १६,४९९ रुपयांना आलेल्या जिओबुकचे वजन ९९० ग्रॅम होते. पण रबरी कडा आणि जाड झाकण आले की ११ इंची यंत्रही सव्वा ते दीड किलोपर्यंत जाते आणि चार्जर वेगळा. केंद्राच्या २०२० च्या दप्तर धोरणानुसार दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांहून अधिक नसावे. ३० किलोच्या मुलीला एकूण ३ किलोची मुभा आहे आणि त्यातला निम्मा वाटा लॅपटॉपनेच घेतला, तर डबा आणि पाण्याची बाटली कुठे ठेवायची?

‘४ जीबी भरपूर, पुढे वाढवता येते’ या वाक्यात दोन चुका आहेत आणि दुसरी अधिक महागात पडते. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टने ४ जीबी रॅम (काम चालू असतानाची तात्पुरती स्मृती) आणि ६४ जीबी साठवण ही किमान अट ठेवली आहे, म्हणजे याखाली ती अधिकृत मार्गाने बसवता येत नाही. ‘किमान’ आणि ‘भरपूर’ यांत फरक आहे. ६४ जीबी लिहिलेल्या साठवणीतले सुमारे ५९ जीबीच विंडोज दाखवते, कारण उत्पादकाची आणि विंडोजची मोजण्याची पद्धत वेगळी आहे. त्यातून प्रणालीचा वाटा गेला, मराठी टंकलेखनाची साधने, ऑफिस आणि मुलांची चित्रे भरली की पुढच्या मोठ्या अपडेटला जागाच उरत नाही. अशा वेळी घरातला जाणता माणूस अपडेट बंद करून टाकतो आणि लहान मुलाच्या हातातले यंत्र सुरक्षेच्या दुरुस्त्यांविना इंटरनेटवर फिरत राहते. राहिली वाढवण्याची गोष्ट. या किमतीच्या बहुतेक यंत्रांत रॅम बोर्डावरच सोल्डर केलेली असते आणि साठवणीसाठी ईएमएमसी नावाची, मोबाइलमध्ये वापरतात त्या जातीची चिप तशीच पक्की बसवलेली असते. मेमरी कार्ड घालता येते, पण कार्डाने साठवण वाढते, रॅम वाढत नाही. विकत घेण्यापूर्वी त्या मॉडेलची दुरुस्ती-पुस्तिका शोधावी. डेल आणि लेनोवो त्यांच्या व्यावसायिक मॉडेलांच्या पुस्तिका आपल्या संकेतस्थळांवर कोणालाही वाचू देतात, आणि रॅम, बॅटरी व चार्जिंगचा जॅक सुटे निघतात की नाही हे त्यांतल्या चित्रांवरून पाच मिनिटांत समजते.

अँड्रॉइड किंवा तिच्यापासून बनवलेल्या प्रणालीवर चालणारे लॅपटॉप वाईट असतात असे माझे मत नाही. आठ-नऊ वर्षांच्या मुलासाठी व्हिडिओ, वाचन, स्क्रॅच (मुलांना प्रोग्रामिंग शिकवणारे साधन) आणि शाळेचे ऑनलाइन अर्ज एवढेच काम असेल तर ते नीट चालतात. पण त्यांवर विंडोजचे सॉफ्टवेअर चालत नाही, आणि मूल एमएस-सीआयटीच्या वयाला पोहोचले की ही अडचण समोर उभी राहते. क्रोमबुक, म्हणजे गुगलच्या क्रोम प्रणालीवर चालणारा लॅपटॉप, घेताना आणखी एक तारीख पाहावी : २०२१ पासून बाजारात आलेल्या क्रोमबुकांना गुगलने १० वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आहे, पण ही दहा वर्षे ते मॉडेल ज्या हार्डवेअरच्या साच्यावर बनले त्याच्या जन्मापासून मोजली जातात, तुमच्या पावतीपासून नव्हे. दुकानात सवलतीत मिळणारा जुना साठा याच कारणाने स्वस्त असू शकतो.

मोबाइलच्या चार्जरचे विधान अर्धे खरे आहे. यूएसबी-सीचे भोक दिसले म्हणजे त्यातून चार्जिंग होतेच असे नाही. ‘पॉवर डिलिव्हरी’ पाळणारा चार्जर आणि लॅपटॉप एकमेकांशी बोलून व्होल्टेज ठरवतात आणि मोबाइलसोबत आलेले कित्येक चार्जर लॅपटॉपला हवे तेवढे व्होल्टेज देतच नाहीत. त्यातही सर्वांत स्वस्त यंत्रांना अजून बारीक गोल पिनच असते, जिची कथा वर आलीच आहे. प्रवासात खरा प्रश्न सॉकेटचा असतो. रेल्वेच्या डब्यात साधारणतः ११० व्होल्टचा पुरवठा असतो. चार्जरवर १०० ते २४० असे लिहिलेले असल्यास त्याची अडचण नाही. अडचण सैल सॉकेटची असते, कारण जड चार्जर त्यात लटकत राहतो आणि गाडीच्या प्रत्येक हिसक्याला निसटतो, म्हणून मी हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर बरोबर ठेवते. शिवाय आगीच्या भीतीमुळे रेल्वेने २०२१ मध्ये रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात चार्जिंगची सॉकेटे बंद ठेवायचे ठरवले होते. रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याने संध्याकाळीच सोय लावावी. विमानात १०० वॅट-तासांपर्यंतची (वॅट-तास म्हणजे बॅटरीत साठणाऱ्या ऊर्जेचे माप) बॅटरी परवानगीशिवाय जवळ बाळगता येते आणि लहान काय, बहुतेक मोठे लॅपटॉपही या मर्यादेत बसतात.

शेवटचे विधान, म्हणजे वापरलेला लॅपटॉप चुकूनही घेऊ नये, हे मला सर्वांत चुकीचे वाटते. कंपन्या तीन-चार वर्षांनी आपले लॅपटॉप एकगठ्ठा काढून टाकतात आणि त्यांतले १२ इंची, सव्वा किलोच्या आसपासचे लॅपटॉप मुलांना व प्रवासाला उत्तम असतात. अर्थात पारख हवी. विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि इंटेलच्या आठव्या पिढीपूर्वीच्या प्रोसेसरवर विंडोज ११ अधिकृतपणे बसत नसल्याने तसे यंत्र लिनक्स ही मोफत प्रणाली वापरायची तयारी असेल तरच घ्यावे. एकाच काळातल्या, एकाच आकाराच्या दोन यंत्रांतही किती फरक असतो पाहा : २०१८ च्या थिंकपॅड एक्स२८० मध्ये रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, तर त्याच वर्षीच्या डेल लॅटिट्यूड ७२९० मध्ये ती खाचेतून काढून बदलता येते, आणि त्याचा चार्जिंगचा जॅकही वेगळ्या वायरीवर, स्क्रूने काढता येण्याजोगा आहे. भाचीसाठी मी शेवटी हाच घेतला. त्याच्या रबरी कडा नाहीत आणि खोक्यावर कसला आकडा असण्याचा प्रश्न नव्हता, कारण खोकेच नव्हते.

वापरलेल्या यंत्रात एक गोष्ट मात्र विक्रेत्याच्या शब्दावर सोडू नये, ती म्हणजे बॅटरी. विंडोज बॅटरीचा अहवाल काढून देते. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण भरल्यावर साठणारी क्षमता असे दोन आकडे असतात आणि दुसरा पहिल्याच्या दोन तृतीयांशांखाली असेल तर नव्या बॅटरीची किंमत सौद्यातून वजा करून मागावी. आमच्या यंत्राची मूळ क्षमता ६० वॅट-तास, उरलेली ४१. मागच्या मे महिन्यात कोकण रेल्वेने जाताना भाचीने तो पनवेलला उघडला आणि चिपळूण सोडल्यावर थोड्या वेळाने तो बंद पडला.