गाडी घेताय? आधी आपण कोण ते ठरवा

गाडी घ्यायचीय म्हणून मायलेज, सेफ्टी रेटिंग असलं काहीबाही यूट्यूबवर बघत बसला असाल तर तो नाद सोडा. नाशकात गाडी चालवायला घेत नाहीत हो, "आपण काय करता?" असं कोणी विचारू नये म्हणून घेतात.

प्लॉटिंगच्या धंद्यात असाल, किंवा नुसतं तसं वाटायला हवं असेल, तर पांढरी फॉर्च्युनर, दुसरा विचारच नको. जवळपास 4.8 मीटर लांब, रविवार कारंजावर जरा तिरकी लावली की मागचा अख्खा ट्रॅफिक हॉर्न वाजवून सांगतो, शेठ आलेत. हप्ते किती थकलेत ते गिऱ्हाईक विचारत नाही, ते तर सातबारापण नीट बघत नाही.

राजकारणात शिरायचंय? स्कॉर्पिओ घ्या. 2002 मधे आली ती आपल्या नाशिकच्या महिंद्रातूनच, म्हणजे भूमिपुत्राचा मुद्दा तिथंच निकालात. नंबर 4141 मिळवा, प्लेटवाला चाराचं शेपूट असं काही वळवतो की लांबून सरळ 'दादा' वाचता येतं, आरटीओच्या नियमात बसत नाही पण नियमात बसणारा दादा कोणी बघितलाय का. काळी फिल्म सुप्रीम कोर्टानं 2012 मधेच बंद केली, त्यामुळे ती तर लावायचीच. आत साहेब आहेत का नुसता ड्रायव्हर तंबाखू मळतोय, बाहेरच्याला कळता कामा नये.

निफाड-पिंपळगावकडच्या बागाईतदाराची गोष्ट वेगळी. त्याच्या गाडीचं साल बघा, त्या साली द्राक्षाला भाव होता एवढं समजायचं. पुढं कधी गारपीट, कधी व्यापारी पैसे बुडवून पसार, म्हणून तीच गाडी अजून चालूय, मागच्या सीटवर क्रेट, डिकीत फवारणीच्या औषधाचे रिकामे डबे आणि काच कितीही खाली करा, गंधकाचा वास काही जात नाही. शोरूमवाला हिला एसयूव्ही म्हणून विकतो. (ह्यांच्यावर मी फार बोलणार नाही, सासुरवाडी तिकडचीय.)

कॉलेज रोडचे प्राध्यापक वॅगनआर घेतात आणि सीटवरचं प्लास्टिक रिटायर होईपर्यंत काढत नाहीत. बास, एवढंच.

स्टिकरचं मात्र नीट ऐका. डॅशबोर्डवर 'पोलीस' पाटी दिसली की गाडी पोलिसाची नाही, त्याच्या मेव्हण्याची. खऱ्या पोलिसाला पाटी लागत नाही, हवालदार लांबूनच ओळखतो.

आणि बजेट नाही म्हणून सेकंडहँड घेत असाल तर स्टिकर खरवडू नका. मागचा मालक वकील असेल तर सोसायटीतले लोक भाडेकरूची भांडणं घेऊन आपणहून येतील, तुम्ही गंभीर चेहरा करून "तारीख काय पडलीय?" एवढंच विचारायचं आणि लिफ्टजवळचं पार्किंग तेवढं पदरात पाडून घ्यायचं.