गुडघ्यावरची फुगवटी म्हणजे गळणारं वंगण नव्हे

आधी फोनवर येणारा हा मेसेज वाचा: गुडघ्याच्या वाटीवर किंवा कोपराच्या टोकावर मऊ फुगवटी आली, तर सांध्यातलं वंगण बाहेर झिरपायला लागलं आहे असं समजा. ही संधिवाताची सुरुवात आहे. डॉक्टरकडे गेलात तर ते सुई घालून पाणी काढतील आणि मग ते कायमच भरत राहील. त्यापेक्षा रोज गरम तेलाने जोर लावून चोळा, वरून बिब्बा लावा, रात्री वंगण वाढवायला बाभळीच्या शेंगांची पूड दुधातून घ्या. २१ दिवसांत गुडघा पूर्वीसारखा होईल. या आशयाचा मेसेज कुटुंबाच्या, सोसायटीच्या, गावाकडच्या ग्रुपांवर पुन्हा पुन्हा फिरतो. मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे अशी फुगवटी घेऊन येणारे बरेच जण यातलं निम्मं करून झाल्यावरच येतात. यातला एक सल्ला माणसाला दवाखान्यात भरती व्हायला लावू शकतो, म्हणून एकेक मुद्दा घेऊन लिहिते आहे.

आधी वंगण गळण्याची गोष्ट. गुडघ्याच्या वाटीच्या पुढे, कातडी आणि हाड यांच्यामध्ये एक चपटी पिशवी असते. तिला बर्सा म्हणतात. अशा साधारण दीडशे पिशव्या आपल्या अंगात आहेत. जिथे कातडी किंवा स्नायूचा दोर हाडावरून सतत सरकतो, तिथे त्या असतात: कोपराच्या टोकावर, खांद्याच्या आत, खुब्याच्या बाजूला, टाचेच्या मागे, बसताना टेकणाऱ्या हाडाखाली. निरोगी पिशवी हाताला लागतसुद्धा नाही. पॉलिथिनच्या छोट्या पिशवीत तेलाचे दोन थेंब टाकून ती दोन बोटांत चोळून पाहा. तिच्या दोन्ही बाजू जशा एकमेकींवरून सटकतात, तसंच बर्साचं काम चालतं. आतल्या अस्तरातून जेमतेम ओल राहील इतकाच बुळबुळीत द्रव पाझरतो. मार लागला, रोज दाब पडत राहिला, जंतू शिरले किंवा युरिक ॲसिडचे स्फटिक साचले, की अस्तर सुजतं आणि द्रव जास्त तयार होतो. बाहेरून दिसते ती फुगवटी हीच. म्हणजे तो द्रव त्या पिशवीतच तयार झालेला असतो. सांध्याची पोकळी वाटीच्या मागे असते, आणि वाटीपुढच्या पिशवीतून तिकडे जाणारी वाट नसते. कोपराच्या टोकावरच्या पिशवीचंही तसंच आहे.

एक अपवाद मात्र सांगितलाच पाहिजे. गुडघ्याच्या मागे, खळग्यात येणारी फुगवटी वेगळी. तिथल्या पिशवीचा बऱ्याच मोठ्या माणसांत सांध्याशी संबंध असतो, आणि आत झीज किंवा सूज असली की सांध्यातलं पाणी मागे ढकललं जातं. पण तिथेही वंगण संपलेलं नसतं, उलट ते जास्त झालेलं असतं. आणि ती फुगवटी फुटून पोटरी सुजली तर पायातल्या शिरेत गुठळी झाल्यासारखंच दिसतं. दोन्हींतलं नेमकं काय आहे ते सोनोग्राफीशिवाय कळत नाही. अशा पोटरीला चोळणं फार धोक्याचं आहे.

पिशवी सुजली की सांधा, याचा अंदाज घरीही घेता येतो. कोपराचं उदाहरण घ्या. हात पूर्ण सैल सोडा आणि घरातल्या कुणाला तरी कोपर हळूहळू वाकवायला आणि सरळ करायला सांगा. फक्त पिशवी सुजली असेल तर मधल्या टप्प्यात फारसं दुखत नाही, पूर्ण वाकवताना वरची कातडी ताणली जाते तेव्हा दुखतं. सांध्यातच काही असेल तर थोडं हलवलं तरी कळ येते. हा फक्त अंदाज झाला, यावरून निदान करायचं नसतं.

आता संधिवाताची सुरुवात. आमवात आणि गाऊट (युरिक ॲसिडचे स्फटिक साचून होणारा आजार) यांत बर्सा सुजू शकतात हे खरं. पण गुडघ्यावर नुसती फुगवटी आली की संधिवात लागला, हे खोटं आहे. हा बहुतेक वेळा कामाचा आजार असतो. ब्रिटनमधल्या कोळसा खाणींत मजूर गुडघ्यांवर रांगत कोळसा काढायचे. त्यांचे गुडघे आणि कोपरं इतकी सुजायची, की विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच तिथल्या कायद्याने हा भरपाई मिळण्याजोगा कामाचा आजार मानला. आपल्याकडे फरशी बसवणारे मिस्त्री, प्लंबर, गुडघे टेकून लादी पुसणाऱ्या बायका आणि मॅटवर खेळणारे कुस्तीगीर यांना वाटीवरचा त्रास होतो. टेबलावर कोपर रोवून बसणाऱ्यांना आणि ट्रकच्या खिडकीत कोपर टेकवून तासन् तास गाडी चालवणाऱ्यांना तो कोपरावर होतो. यातले कितीतरी जण तिशीतले असतात. त्यांना संधिवाताची भीती घालून उपयोग नाही, गुडघ्याखाली जाड फोमचा पॅड आणि लांब दांड्याचा पोछा द्यायला हवा. घरकाम करणाऱ्या ताईंना असा पोछा आणून देणं हे मालकिणीचं काम आहे, असं मला मनापासून वाटतं.

हाच मेसेज खांदा आणि खुब्यालाही लावला जातो, म्हणून थोडक्यात तेही. खांद्याची बर्सा हाडाच्या छपराखाली खोल असते, वरून चोळून तिथे काहीच पोहोचत नाही. तिथलं दुखणं बहुधा शेजारच्या स्नायूंच्या दोरांशी जोडलेलं असतं आणि त्यावर नेमका व्यायाम लागतो. खुब्याच्या बाजूच्या दुखण्याला तर डॉक्टरही वर्षानुवर्षं बर्साची सूज म्हणत आले. २०१३ साली ८७७ रुग्णांच्या सोनोग्राफी तपासण्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात साधारण पाचांत एकालाच बर्साची सूज दिसली. बाकीच्यांचं मूळ मुख्यतः नितंबाच्या स्नायूंच्या दोरांत होतं.

आता सगळ्यात घातक भाग: चोळा आणि बिब्बा लावा. घासून घासून सुजलेल्या पिशवीला आणखी घासलं, तर सूज वाढणारच. सुरुवातीच्या गरम, ताज्या सुजेवर गरम तेलाचाही तोटाच होतो. पण बिब्ब्याची मला खरी धास्ती आहे. बिब्ब्याच्या तेलाने कातडी भाजते, फोड येतात, ते फुटतात. वाटीवरची आणि कोपरावरची बर्सा अगदी कातडीखाली असते, मध्ये ना स्नायू ना चरबीचा जाड थर. कातडी फुटली की अंगावर एरवीही वावरणारे स्टॅफिलोकोकस जंतू सरळ पिशवीत उतरतात. माझ्याकडे आलेल्या एका फरशी मिस्त्रीचा गुडघा मला अजून डोळ्यांसमोर दिसतो. वाटीवर लिंबाएवढी फुगवटी, तिच्यावर बिब्ब्याचा काळा चट्टा, चट्ट्याच्या कडेने ओल सुटलेली, आणि तिथून लाली मांडीकडे चढत चाललेली. हात लावला तर चटका बसावा इतकी कातडी तापलेली. अंगात ताप होता आणि तरीही ते दुसऱ्या दिवशी कामावर जायच्या बेतात होते. मी त्यांना व्यायाम दिला नाही, त्याच क्षणी सर्जनकडे पाठवलं. त्यांना शिरेतून प्रतिजैविकं द्यावी लागली. मधुमेह असलेल्या, स्टिरॉइडच्या गोळ्या घेणाऱ्या किंवा डायलिसिसवर असलेल्या माणसात हेच आणखी वेगाने पसरतं. फुगवटी लाल आणि गरम झाली, लाली पसरली, ताप आला किंवा वर जखम दिसली, तर एक दिवसही थांबू नका.

पाणी काढू नका, एकदा काढलं की भरतच राहतं, या वाक्यात थोडं तथ्य आहे आणि म्हणूनच ते लोकांना पटतं. काढल्यावर पाणी पुन्हा भरू शकतं. पण त्याचं कारण सुई नव्हे. अस्तर अजून सुजलेलं असतं आणि माणूस दुसऱ्याच दिवशी पुन्हा गुडघे टेकतो, म्हणून ते भरतं. साध्या, न दुखणाऱ्या फुगवटीतलं पाणी डॉक्टर स्वतःहूनच बऱ्याचदा काढत नाहीत, कारण सुईबरोबर जंतू आत जायचा थोडा धोका असतो. जंतूंचा किंवा गाऊटचा संशय आला की मात्र पाणी काढावंच लागतं, कारण तीच तपासणी असते. पाणी पिवळसर आणि स्वच्छ आहे, रक्ताळ आहे की गढूळ, हे आधी दिसतं. मग प्रयोगशाळेत त्यातल्या पेशी मोजतात, जंतू वाढवून कोणतं औषध चालेल ते बघतात, सूक्ष्मदर्शकाखाली युरिक ॲसिडचे सुईसारखे स्फटिक शोधतात. ही तपासणी टाळा असं सांगणारा मेसेज माणसाला अंधारात ठेवतो. ब्लेडने चीर देऊन पाणी काढून घेणं मात्र कुणाकडूनही नको. तिथली कातडी गुडघा वाकवला की दर वेळी ताणली जाते, जखम भरत नाही आणि ती महिनोन् महिने वाहत राहू शकते.

बाभळीच्या शेंगांना माझा एकच प्रश्न आहे. मेसेजच्या म्हणण्याप्रमाणे त्या वंगण वाढवतात. पण सुजलेल्या पिशवीत द्रव आधीच गरजेपेक्षा जास्त झालेला असतो. मग तो आणखी वाढवून काय साधणार? खाल्लेली पूड पचते, ती पिशवीत जाऊन बसत नाही.

राहिले २१ दिवस. जंतू नसलेली, मार लागून किंवा दाबाने आलेली ताजी फुगवटी बहुतेक वेळा काही आठवड्यांत आपोआप ओसरते. अट एकच: त्यावरचा दाब थांबला पाहिजे. त्या काळात जे काही केलं असेल, त्याला श्रेय मिळतं. मग शेजारचे काका अगदी प्रामाणिकपणे सांगतात की मला गुण आला, आणि मेसेज पुढे जातो. ओसरायला मदत करायची असेल तर दिवसातून तीन-चार वेळा कापडात गुंडाळलेला बर्फ दहा-पंधरा मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज हलकं बांधा, गुडघे टेकणं पूर्ण बंद करा. वेदनाशामक गोळी मूत्रपिंडाचा, अल्सरचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी विचारल्याशिवाय घेऊ नये. गुडघा रोज सावकाश वाकवत-सरळ करत राहा, नाहीतर मांडीचा स्नायू बारीक होतो. कामावर परतताना पहिल्या दिवसापासून पॅड बांधा, आणि मुकादम पॅड देत नसेल तर जुन्या फोमच्या गादीचा जाड तुकडा कापून गुडघ्याखाली घ्या. सहा आठवडे झाले तरी फुगवटी तशीच असेल, तर ती तपासून घ्यायला हवी.