रॉकेलनं वाळवीची राणी मरत नाही

‘वाळवीवर रामबाण’ हा मेसेज फिरत फिरत मावशीपर्यंत पोहोचला आणि तिनं लगेच स्विचबोर्डाशेजारच्या चौकटीत रॉकेल ओतलं. म्हणून हे लिहायला बसलो. मेसेज म्हणतो: सिमेंटच्या घराला वाळवी लागत नाही, दिव्याभोवतीचे पंखवाले किडे निरुपद्रवी असतात, फर्निचरला ऊन दाखवा, मिठाचं पाणी मारा, आणि भोकात रॉकेल ओतलं की एका रात्रीत राणी मरून वाळवी कायमची जाते.

आधी रॉकेलचंच बघू, कारण त्यात जीव जाऊ शकतो. रॉकेल लाकडात मुरतं, बंद कपाटात त्याची वाफ कोंडते आणि शेजारी विजेची वायर असते. ज्यांनी आधीच ओतलंय त्यांनी दारं-खिडक्या उघडून ठेवा आणि तिथली बटणं दाबू नका.

एवढा धोका पत्करून मिळतं काय? समोर दिसणारे पांढरे किडे मरतात, बस्स. ते मजूर असतात. जमिनीतून वर येणाऱ्या वाळवीची राणी सहसा खाली मातीत असते, चौकटीत नव्हे. आणि समजा मेलीच, तरी? जपानच्या केंजी मात्सुउरा आणि सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ साली ‘सायन्स’ या विज्ञान नियतकालिकात आला. वाळवीच्या एका जातीच्या वसाहती त्यांनी तपासल्या, तर मूळ राणी बहुतेक ठिकाणी नव्हतीच. तिनं नराशिवाय जन्माला घातलेल्या लेकी तिच्या जागी अंडी घालत होत्या. इतरही अनेक जातींत दुय्यम राण्या तयार होतात. मग कसली एक रात्र आणि कसलं कायमचं?

म्हणूनच खरे उपाय संथ असतात. भिंतीच्या कडेनं भोकं पाडून जमिनीत औषध सोडतात, किंवा हेक्झाफ्लुम्युरॉनसारखं कीटकनाशक घातलेलं आमिष ठेवतात. मजूर ते खातात, एकमेकांना भरवतात आणि पुढे कात टाकताना मरतात. आमिष खाल्ल्या खाल्ल्या मेले असते तर ते वसाहतीपर्यंत पोहोचलंच नसतं.

पंखवाल्या किड्यांना निरुपद्रवी म्हणणं तर शुद्ध घातक आहे. चारही पंख सारख्या लांबीचे, मिशा सरळ, कंबर जाड असेल तर ती वाळवी. पंखवाल्या मुंगीचे पुढचे पंख मोठे, मिशा कोपरासारख्या वाकलेल्या आणि कंबर बारीक असते. खिडकीच्या आत गळालेल्या पंखांचा सडा दिसला तर वसाहत घरातच असू शकते.

सिमेंट वाळवी खात नाही, कबूल. पण जेमतेम मिलिमीटरभर भेगेतून ती आत येते. भिंतीवर पेन्सिलीएवढी मातीची नळी दिसली की थोडी फोडून बघा. आत किडे असतील किंवा काही दिवसांत नळी परत जोडली गेली, तर वाळवी चालू आहे. नळी रिकामी निघाली म्हणून मात्र निर्धास्त होऊ नका.

उन्हाचा मुद्दा अर्धा खरा, नाइलाजानं मान्य करतो. सुक्या लाकडात राहणारी वाळवी उष्णतेनं मरते, पण त्यासाठी लाकडाचा गाभा अर्ध्या तासाहून जास्त वेळ ५० अंशांच्या आसपास राहावा लागतो. जाड पाट्या अंगणात ठेवून तेवढं साधत नाही. या वाळवीची खूण म्हणजे लाकडाखाली पडलेले रव्यासारखे दाणे. भिंगातून पाहिलं तर त्यांना सहा बाजू दिसतात.

मिठाच्या पाण्याबद्दल एवढंच: जमिनीतल्या वाळवीला ओलच हवी असते, ती आपल्या हातानं देऊ नका. गळका नळ दुरुस्त करा, पुठ्ठ्याचे खोके भिंतीपासून सरकवा आणि मातीला टेकलेलं लाकूड काढून टाका.