रंगपेटीला जागा नाही म्हणे!

आज दुपारी मामांची रंगपेटी, म्हणजे नाटकातल्या मेकअपची पेटी, घेऊन शहरातल्या एका सांस्कृतिक संस्थेत गेले होते. संस्थेचं नाव लिहीत नाही. तिथल्या गृहस्थांनी झाकण उघडून पाहिलं, 'वा वा' म्हणाले आणि मग म्हणाले, "ताई, वस्तू छानच आहे हो, पण ठेवायची कुठे? कपाटं ट्रॉफ्यांनी भरलीत." तशीच पेटी मांडीवर घेऊन रिक्षाने परत आले. संध्याकाळ झाली तरी संताप उतरत नाहीये.

मामा म्हणजे राज्य नाट्य स्पर्धेच्या नाशिक केंद्रावरचे जुने रंगभूषाकार. कामावरून सुटले की थेट प. सा. नाट्यगृह नाहीतर कालिदास कलामंदिर. पेटीत सफेदा, हिंगूळ, काजळाच्या डब्या, मिशा चिकटवायच्या स्पिरिट गमची वाळलेली बाटली, क्रेपच्या मिशा आणि एक वही. त्या वहीसाठी मी भांडतेय. कोणत्या पात्राला कोणता रंग, टोप कुठला, मिशीला पीळ किती, सगळं लिहिलंय. एका नटाच्या नावापुढे लिहिलंय, 'घाम फार. दुसऱ्या अंकाआधी पावडर.' नाटकाचा इतिहास अजून कसा असतो?

आणि हे कुठे, तर नाशकात! तात्यासाहेब शिरवाडकर याच गावात राहून लिहीत होते. १९७० साली 'नटसम्राट' आलं. वसंत कानेटकर सर इथल्या एचपीटी कॉलेजात इंग्रजी शिकवत आणि 'रायगडाला जेव्हा जाग येते'सारखं नाटक लिहीत. विजयानंद थिएटरात २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री देवलांच्या 'शारदा'चा प्रयोग होता. तिथेच अनंत कान्हेरेंनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. नाटक बघायला जमलेल्या माणसांसमोर देशाचा इतिहास घडलेलं हे गाव. ते सांगणारी एक खोली, नाटकाची अशी एकच खोली, आपल्याला बांधता येत नाही?

मॉस्कोत बाख्रुशिन नावाच्या चामड्याच्या व्यापाऱ्याने १८९४ साली आपल्या संग्रहाचं नाट्यसंग्रहालय लोकांसाठी उघडलं. सरकारची वाट पाहिली नाही. टोकियोत वासेदा विद्यापीठाने १९२८ मध्ये नाटकाचं संग्रहालय उभारलं. आपल्याकडे विष्णुदास भाव्यांनी १८४३ ला सांगलीत 'सीता स्वयंवर' केलं, म्हणून ५ नोव्हेंबरला आपण रंगभूमी दिन करतो. नटराजाला हार, दोन भाषणं, चहा, घरी.

कुणीतरी म्हणेलच, आधी नाट्यगृहांची स्वच्छतागृहं बघा. मान्य, तीही बघा. नाटक प्रयोगात जगतं, काचेच्या कपाटात नाही, असंही म्हणाल. खरंय तेही. पण पडदा पडला की प्रयोग संपतो. नट जातो, आवाज जातो. मागे उरतं ते असल्या वह्यांमध्ये, नटांनी आपले संवाद उतरवून घेतलेल्या नकलांमध्ये, हातपत्रकांत आणि तिकिटाच्या तुकड्यांत. ते गेलं की मामांसारखी माणसं कधी होऊन गेली हेच कुणाला कळणार नाही. लेखकांची नावं राहतात. नटांचे फोटो असतात. विंगेत उभं राहून घाम पुसणाऱ्याचं काय राहतं?

सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट सगळं होतंय, व्हावंच. त्यातून एक जुना वाडा नाटकासाठी मिळू नये, एवढे का आपण गरीब आहोत?

लिहिता लिहिता राग थोडा निवळला. एकदा गणपतीत मामा आमच्या ओट्यावर पेटी उघडून बसले होते. गल्लीतली पोरं जमली. एकाला त्यांनी मिशी चिकटवली, गालावर वण काढला, कपाळाला सुरकुत्या. तो दहा वर्षांचा पोरगा आरशात बघून आधी घाबरला, मग आपोआप ताठ बसला आणि जाड आवाजात बोलायला लागला. त्याला कुणी सांगितलं नव्हतं तसं करायला! बाकीची पोरं जेवायला हाक मारली तरी उठेनात. मला हवंय ते संग्रहालय असं. काचेला हात लावू नका अशी पाटी नको. जुना माणूस शेजारी बसलेला हवा, जो सांगेल की हा टोप कसा बांधतात, ट्रिक सीनचा पडदा कसा फिरतो, पायपेटीचा भाता कसा मारतात. नाशकात अशी माणसं अजून आहेत. त्यांची सत्तरी उलटलीय. थांबायला वेळ नाही.

त्या गृहस्थांवर मी फार चिडले खरी. जागा नव्हती, तर त्यांनी तरी काय करावं? पण वही उघडून न वाचताच परत दिली, ते मात्र मी विसरणार नाही.

तर एक विनंती. ज्यांच्या घरी नाटकाच्या जुन्या वह्या, टोप, हातपत्रकं, तालमीचे फोटो असतील त्यांनी दिवाळीच्या साफसफाईत देऊ नका रद्दीला. फोटो काढून मला इनबॉक्स करा, कुणाचं, कोणत्या नाटकातलं, एवढं लिहा. यादी मोठी झाली की आपण सगळे मिळून महापालिकेत जाऊ आणि जागा मागू. कोण कोण येईल, खाली सांगा.